सेवाभावाला प्रशिक्षणाची जोड

आषाढी वारीच्या काळात संत तुकाराम महाराजांची पालखी देहूहून निघून यवत, वरवंड या मार्गाने बारामती तालुक्यात येते. पुढे सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत ती सराटी येथे नीरेच्या काठी पोहोचते. काटेवाडीस मेंढ्यांचे आणि बेलवाडीस अश्वांचे रिंगण होते. या वाटेवरील गावे वारकऱ्यांना जेवू घालतात, थकलेल्या वृद्धांचे पाय तेल लावून चोळतात. सेवा म्हणजे काय, हे या परिसराला कोणी शिकवावे लागत नाही.

परंतु पालखी पुढे जाते आणि वर्षातले उरलेले दिवस तसेच राहतात. त्या दिवसांत अंथरुणाला खिळलेल्या वृद्धेकडे कोणी पाहावयाचे? ऊसतोडणीच्या फडावर आलेल्या बालकाची नोंद कोणी करावयाची? मतिमंदत्व असलेल्या मुलास स्वतःच्या हाताने जेवावयास कोणी शिकवावयाचे? ही कामे केवळ दयाबुद्धीने होत नाहीत. त्यांस सातत्य लागते, शास्त्र लागते आणि पोटापाण्याची सोयही लागते. म्हणूनच सेवा हा एक व्यवसाय आहे, आणि होतकरू तरुण-तरुणींनी त्याकडे गांभीर्याने पाहण्याची वेळ आली आहे.

परंपरा जवळचीच आहे

सेवेला शिक्षणाची जोड देण्याचा विचार महाराष्ट्रास नवा नाही. पंडिता रमाबाई यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन स्थापन केले आणि पुढे बारामतीशेजारच्या दौंड तालुक्यातील केडगाव येथे आपले कार्य नेले. १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना त्यांनी तेथे आश्रय दिला. पण केवळ अन्नवस्त्र देऊन त्या थांबल्या नाहीत. स्वतःच्या पायावर उभे राहता यावे म्हणून त्या मुलींना विणकाम, छपाई, शेतीकाम असे उद्योग शिकविण्यात आले. १८९६ सालीच महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम सुरू केला. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ साली उभ्या राहिलेल्या पुणे सेवासदनाने स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळविले. त्या काळी सुशिक्षित घरातील स्त्रीने परक्या रुग्णाची शुश्रूषा करणे कमीपणाचे मानले जाई. तो समज मोडण्याचे काम या संस्थांनी केले.

समाजकार्याचे पद्धतशीर उच्च शिक्षण देशात प्रथम सुरू झाले तेही मुंबईत, १९३६ साली. सर दोराबजी टाटा यांच्या नावाने निघालेले ते विद्यालय म्हणजेच पुढची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था १९६३ सालापासून हे शिक्षण देत आहे.

दोन तालुक्यांचे चित्र

२०११ च्या जनगणनेनुसार बारामती तालुक्याची लोकसंख्या सुमारे ४ लाख ३० हजार, तर इंदापूरची सुमारे ३ लाख ८३ हजार होती. नीरा डाव्या कालव्याखालील बागायत पट्टा, सुपे-मोरगावकडील जिरायत भाग आणि उजनी जलाशयाच्या काठची पुनर्वसित गावे, अशी या परिसराची तीन रूपे आहेत. प्रत्येक भागातील गरज वेगळी आहे.

बागायत पट्ट्यात माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर अशा साखर कारखान्यांच्या परिसरात दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी मजुरांच्या टोळ्या उतरतात. कोप्या उभ्या राहतात. गळीत हंगाम संपेपर्यंत मुलांची शाळा सुटते, गरोदर स्त्रियांच्या तपासण्या राहून जातात. जिरायत भागातील मेंढपाळ कुटुंबे दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडे जातात, तेव्हा वृद्ध माणसे अनेकदा गावीच राहतात. औद्योगिक वसाहतींत आणि पुण्यात नोकरीस गेलेल्या मुलांचे आईवडील वस्तीवरच्या घरात एकटे असतात. अपंगत्व असलेल्या व्यक्तींची संख्या त्याच जनगणनेत राज्यात २९ लाखांहून अधिक नोंदली गेली. अशा व्यक्ती प्रत्येक गावात आहेत; काही घरांतून त्या बाहेरच्यांच्या नजरेसही पडत नाहीत.

एका घराचे उदाहरण

हे काम नेमके कसे चालते, हे समजण्यासाठी कालव्याकाठच्या वस्तीवरील एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. सत्तरी ओलांडलेली विधवा आजी पक्षाघाताने अंथरुणास खिळली आहे. मुलगा पुण्यास नोकरीस आहे. सून शेत, गोठा आणि दोन लेकरे सांभाळून तिचे करते आहे.

या घराशी पहिला संबंध येतो तो आशा स्वयंसेविकेचा. ती रक्तदाब वाढल्याचे लक्षात आणून देते आणि प्राथमिक आरोग्य केंद्राशी गाठ घालून देते. रुग्णालयातून घरी आल्यावर परिचारिका सुनेला शिकविते की, रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी, म्हणजे पाठीस व माकडहाडास जखमा होत नाहीत. घास भरविताना रुग्णास बसते करावे, आडवे ठेवून भरविल्यास अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. भौतिकोपचारतज्ज्ञ हातापायांच्या हालचाली करवून घेतो. शिकलेला रुग्णसेवा सहायक आजीस उचलताना आपली कंबर आणि तिचा खांदा दोन्ही सांभाळतो.

समाजकार्यकर्त्याचे काम यानंतर सुरू होते. अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळविणे, पासष्ट वर्षांवरील निराधारांसाठी असलेल्या श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात योग्य कागदपत्रांसह देणे, मुलाशी बोलून घरखर्चाचा वाटा ठरविणे, ही कामे तो करतो. वेळ पडल्यास आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी असलेल्या २००७ च्या कायद्याची माहिती देणे हेही त्याच्याकडेच येते. आणि सून थकली आहे, तिलाही आठवड्यातून एक दुपार विसावा हवा, हे ओळखणे हा याच कामाचा भाग होय. रुग्णाची शुश्रूषा करणारे माणूस कोसळले, तर घर कोसळते.

म्हणजे एका आजीसाठी चार-पाच प्रकारची शिकलेली माणसे लागतात. त्यांपैकी प्रत्येक काम हा स्वतंत्र व्यवसाय आहे.

वाटा कोणत्या?

पहिली वाट अंगणवाडीची. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी सुरू झालेली एकात्मिक बालविकास सेवा योजना आज गावोगावी पोहोचली आहे. सहा वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया व स्तनदा माता यांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण व आरोग्य शिक्षण आणि शालापूर्व शिक्षण या सहा सेवा येथे मिळतात. सेविका व मदतनीस या पदांसाठी आता बारावी उत्तीर्ण असणे आवश्यक आहे आणि उमेदवार स्थानिक रहिवासी असावी लागते. अनुभवी सेविकेस मुख्यसेविका होण्याची संधी असते. त्यावरचे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याचे पद लोकसेवा आयोगाच्या परीक्षेद्वारेही मिळविता येते.

दुसरी वाट आरोग्यसेवेची. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आशा स्वयंसेविकांची योजना आली. बारावीनंतर सहायक परिचारिका प्रसाविकेचा दोन वर्षांचा, सामान्य परिचर्येचा तीन वर्षांचा किंवा परिचर्येचा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम करता येतो. बारामतीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ पासून सुरू झाल्याने तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षित हातांची गरज वाढली आहे. कमी शिकलेल्यांसाठी रुग्णसेवा सहायकाचे अल्पमुदतीचे अभ्यासक्रम आहेत.

तिसरी वाट अपंग पुनर्वसनाची. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांस मान्यता दिली आहे. विशेष शिक्षक, वाचा व श्रवण तज्ज्ञ अशा व्यावसायिकांना १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करावी लागते. बारावीनंतर विशेष शिक्षणाची पदविका, अथवा पदवीनंतर विशेष शिक्षणातील बी.एड. घेता येते.

चौथी वाट समाजकार्याची. समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी, म्हणजे एम.एस.डब्ल्यू., ही दोन वर्षांची असून कोणत्याही शाखेच्या पदवीधरास ती घेता येते. आठवड्यातील ठरावीक दिवस प्रत्यक्ष वस्तीत, रुग्णालयात वा संस्थेत काम करणे हा या शिक्षणाचा कणा आहे. हे शिक्षण घेतलेल्यांना बाल संरक्षण कक्ष, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याखालील संरक्षण व्यवस्था, रुग्णालये, वसतिगृहे, कारखान्यांचे कामगार कल्याण विभाग आणि स्वयंसेवी संस्था येथे वाव असतो.

मोबदल्याचा प्रश्न

या क्षेत्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य होणार नाही. अंगणवाडी सेविका मानधनावर आणि आशा स्वयंसेविका प्रामुख्याने कामावर आधारित मोबदल्यावर काम करतात. त्यांना नियमित शासकीय कर्मचाऱ्याची वेतनश्रेणी नाही. या प्रश्नावर महाराष्ट्रात वेळोवेळी आंदोलने झाली आहेत. अंगणवाडी सेविका व मदतनीस उपदानास, म्हणजे ग्रॅच्युइटीस, पात्र आहेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये दिला. खाजगी घरी रुग्णसेवा करणाऱ्या स्त्रियांची स्थिती तर अधिकच असुरक्षित असते. कामाचे तास, सुटी, रात्रपाळी यांबाबत लेखी काहीच नसते.

‘ही तर पुण्याईची कामे’ असे म्हणून कमी मोबदल्याचे समर्थन करणे उचित नव्हे. सेवा करणाऱ्याच्या चुलीचा विचार न करणारी सेवा फार काळ टिकत नाही. म्हणून या क्षेत्रात येणाऱ्याने पहिल्याच पायरीवर थांबू नये. काम करता करता पुढचे शिक्षण घ्यावे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठासारख्या संस्थेमुळे घर व नोकरी सांभाळून पदवी पूर्ण करणे शक्य झाले आहे. सेविकेने पदवी घेऊन मुख्यसेविकेच्या पदाकडे पाहावे, रुग्णसेवा सहायकाने परिचर्येकडे वळावे. घरी काम स्वीकारताना तास, मोबदला आणि साप्ताहिक सुटी आधीच ठरवून कागदावर घ्यावी.

प्रवेश घेण्यापूर्वी

अभ्यासक्रमास प्रवेश घेताना संस्थेची मान्यता स्वतः तपासावी. परिचर्येसाठी महाराष्ट्र परिचर्या परिषदेची, तर विशेष शिक्षणासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता नसेल, तर वर्षे आणि पैसे दोन्ही वाया जातात. अंगणवाडीच्या निवडी गुणांच्या आधारे होतात. पद मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहावे.

याहून महत्त्वाची आहे ती स्वतःची परीक्षा. दुसऱ्याचे मलमूत्र काढताना चेहऱ्यावर किळस येऊ न देणे, घरातील गोष्ट गावात न बोलणे, रुग्णाच्या रागाचा राग न धरणे आणि जात, धर्म, गाव न पाहता प्रत्येकास ‘अहो’ म्हणून हाक मारणे, हे पुस्तकातून येत नाही. तसेच दुर्बल व्यक्तीचे सर्व काही आपणच करून टाकणे ही सेवा नव्हे. ज्या मुलाला चमचा धरता येईल त्याला तो धरू द्यावा, मग अन्न सांडले तरी चालेल. जे त्याला जमते ते त्याच्याकडून काढून घेणे म्हणजे त्याला आणखी दुर्बल करणे होय.

कारखान्याच्या तळावर कोप्या उभ्या राहिल्या की जी सेविका वही घेऊन तेथे जाते, परगावच्या बालकांची नावे लिहून घेते आणि गरोदर स्त्रीचे माता व बाल संरक्षण कार्ड तपासते, ती आपल्या गावाच्या वेशीपलीकडच्या माणसांचीही सेविका असते. हंगाम संपतो, टोळी आपल्या गावी परतते. तिच्याबरोबर गेलेल्या मुलाला वेळेवर लस मिळाली, याची नोंद मात्र कार्डावर राहते. बारामती-इंदापूरच्या शाळा-महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तरुण-तरुणींनी या व्यवसायाचा विचार करताना त्याचे मोजमाप अशा नोंदींवरून करावे. आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांनीही, मुलगी वा मुलगा हे क्षेत्र निवडीत असेल, तर त्यास कमीपणा न मानता पाठबळ द्यावे.