वाफेची चाळणी घेताना चुंबक नको, फूटपट्टी हवी

आषाढ अमावास्येला गुळाच्या पाण्यात मळलेल्या कणकेचे दिवे, नागपंचमीला पुरणाचे दिंड, श्रावणात अळूवडी आणि भाद्रपदात मोदक. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या स्वयंपाकघरात हे दोन महिने वाफेचे असतात. नागपंचमीला अनेक घरांत चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा चुलीवर चढवायचा नाही, म्हणून दिंड वाफवलेच जातात. देशावर पूर्वी गणपतीला तळणीचे मोदक होत. आता कोकणातले उकडीचे मोदकही घरोघर होऊ लागले आहेत. त्यामुळे सोनईसारख्या बाजारपेठेच्या गावातही वाफवण्याची स्टीलची चाळणी किंवा मोदकपात्र याच सुमारास घेतले जाते. ते घेताना गिऱ्हाईक सहसा तीन गोष्टी बघते : चुंबक चिकटते का, हाताला जड लागते का, आणि चकाकी कशी आहे. वाफवण्याच्या कामाशी या तिन्ही परीक्षांचा संबंध फार थोडा आहे. पदार्थ नीट शिजणार की पाणी सुटून चिकट होणार, हे चाळणीची उंची, तिचे माप आणि वरचे झाकण ठरवते. यांकडे मात्र दुकानात क्वचितच लक्ष जाते.

चुंबकाचा समज सर्वांत पक्का आहे, म्हणून तो आधी घेऊ. चुंबक चिकटले की स्टील नकली, असे सर्रास मानले जाते. पोलादात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असले की ते स्टेनलेस होते. या क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर धरतो आणि तोच गंज अडवतो. चुंबकाचे चिकटणे न चिकटणे हे धातूच्या अंतर्गत रचनेवर अवलंबून असते आणि त्या रचनेवर निकेलचा मोठा प्रभाव असतो. ३०४ जातीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. तिला चुंबक चिकटत नाही. ४३० जातीत क्रोमियम १६ ते १८ टक्के असते, पण निकेल जवळजवळ नसतेच. तिला चुंबक घट्ट चिकटते आणि तरीही ती अस्सल स्टेनलेस आहे. इंडक्शनवर चालणाऱ्या भांड्यांच्या तळाला हीच जात लावतात. भारतातल्या साखर कारखान्यांत रस आटवण्याच्या संचांतल्या नळ्यांसाठी चुंबकाला चिकटणारे ४३९ जातीचे स्टेनलेस स्टील वापरले जाते. रात्रंदिवस वाफ आणि उसाचा रस सोसणारा हा धातू चुंबकाच्या परीक्षेत मात्र नापास ठरेल.

याची उलट बाजू गिऱ्हाइकाला जास्त महागात पडते. स्वस्त भांडी मुख्यतः २०० मालिकेतल्या जातींची असतात. त्यांत महागड्या निकेलऐवजी मँगनीज घातलेले असते, निकेल काही जातींत एखादा टक्काच असते, आणि गंजाला तोंड देण्याची ताकद ३०४ पेक्षा कमी असते. पण या जातींनाही चुंबक चिकटत नाही. म्हणजे ज्या स्वस्त मालापासून सावध राहायचे, तोच या परीक्षेत उत्तीर्ण होतो. शिवाय थंड अवस्थेत दाबलेले, ओढलेले किंवा छिद्रे पाडलेले ३०४ जातीचे स्टीलसुद्धा त्या त्या ठिकाणी थोडे चुंबकीय बनते. चाळणी म्हणजे शेकडो ठोकलेली छिद्रे आणि वळवलेली कड. तिच्या काठाला चुंबक हलकेच ओढले गेले म्हणून दुकानदाराने फसवले, असे म्हणता येत नाही.

मग तळाशी कोरलेला ३०४ हा आकडा तरी खात्रीचा आहे का? तो आकडा बनवणारा स्वतः कोरतो. स्टीलच्या भांड्यांसाठी आयएस १४७५६ हे भारतीय मानक आहे, आणि केंद्र सरकारने १४ मार्च २०२४ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक केले. चिन्हासोबत परवाना क्रमांक असतो आणि तो बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तपासता येतो. दुकानात उभ्या उभ्या होणारी ही तपासणी चुंबकापेक्षा कितीतरी भरवशाची आहे. मात्र आयएसआय म्हणजे ३०४ असा अर्थ काढू नये. मानकाने मान्य केलेल्या इतर जातींच्या भांड्यांनाही ते चिन्ह मिळू शकते.

दुसरा मोठा समज वजनाचा आहे. जाड स्टील किंवा तांब्याचा थर असलेली चाळणी लवकर शिजवते, आणि जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, चाळणी स्टीलपेक्षा लवकर तापते म्हणून ती त्याहून बरी, असे सांगितले जाते. ॲल्युमिनियम स्टेनलेस स्टीलच्या दहापटीहून जास्त उष्णता वाहून नेते हे खरे आहे, आणि तव्याला किंवा कढईला ते लागू पडते. तिथे आचेची उष्णता धातूतूनच पदार्थात जाते. वाफवताना उष्णता त्या वाटेने येत नाही. वाफ मोदकाच्या थंड पारीला टेकते, तिथे तिचे पाणी होते आणि तिच्यातला अप्रकट उष्मा मोदकाला मिळतो. शाळेच्या पुस्तकातला आकडा आठवा : एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता बाहेर पडते. तेच एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला फक्त ७० कॅलरी लागतात. ही सगळी देवाणघेवाण थेट पदार्थाच्या अंगावर, चहूबाजूंनी होते. चाळणीचे काम पदार्थ धरून ठेवायचे आणि वाफेला वाट द्यायची, एवढेच. म्हणून तिच्या जाडीला किंवा तांब्याच्या थराला जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. भरल्यावर ती मधोमध वाकू नये इतकी ताठ असली की पुरे. जाड बुडाची गरज असेलच तर ती खालच्या पातेल्याला.

यावर कोणी विचारेल, धातूने फरक पडत नाही तर स्वस्त जर्मनचीच चाळणी का नको? कारण वेगळे आहे. अळूवडीतली चिंच, ढोकळ्याच्या पिठातले ताक आणि सोडा हे ॲल्युमिनियमवर काम करतात. भांडे काळवंडते आणि थोडा धातू पदार्थात उतरतो. पातळ जर्मनची चाळणी वाकतेही लवकर. स्टेनलेस स्टील घ्यावे ते या टिकाऊपणासाठी आणि आंबटाला दाद देत नाही म्हणून.

मोठ्या आचेवर लवकर शिजते हाही असाच एक समज. वातावरणाच्या दाबाखाली वाफेचे तापमान उकळत्या पाण्याच्या तापमानापेक्षा वाढत नाही. सोनई परिसर समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे मीटर उंच आहे, तेव्हा इथे ते ९८ अंशांच्या आसपास राहते. आच कितीही वाढवली तरी तेवढेच. भांडे वाफेने भरल्यानंतर वाढवलेल्या आचेने फक्त जास्त वाफ झाकणाबाहेर जाते. जोरदार आचेवर पाव तासात साधारण अर्धा लिटर पाणी उडू शकते, आणि कोरडे पडलेले पातेले निळे-काळे होते. खरा उशीर होतो तो सुरुवातीच्या हवेमुळे. झाकणाखाली हवा आणि वाफ मिसळलेली असेपर्यंत आतले तापमान कमी असते. म्हणून झाकणाच्या कडेने वाफेची सलग धार दिसल्यावर मोदक आत ठेवावेत, वेळ तिथून मोजावी आणि मग आच मध्यम करावी.

पाण्याचा प्रश्न या भागात खास जिव्हाळ्याचा आहे. मुळा धरणाच्या कालव्यावरच्या काळ्या रानात विहिरी आणि बोअरचे पाणी अनेक ठिकाणी क्षारयुक्त आहे. अशा पाण्यात डाळ शिजत नाही, हा अनुभव खरा आहे : पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशीभित्तिकांतल्या पेक्टिनशी बांधले जाते आणि डाळ टणक राहते. त्यावरून बोअरच्या पाण्यावर वाफवले तर क्षार मोदकात उतरतात असे मानले जाते. तसे होत नाही. उकळताना पाणीच वर जाते, क्षार खालीच राहतात. चाळणीवर जमणारे थेंब हे जवळपास शुद्ध पाण्याचे असतात. ज्या सोनईत मुळा सहकारी साखर कारखाना आहे, तिथे बॉयलरवर काम केलेल्या कोणालाही हे ठाऊक असेल. क्षारांचा थर धरू नये म्हणून बॉयलरचे पाणी मृदू करून घ्यावे लागते, आणि वाफ थंड होऊन आलेले पाणी स्वच्छ म्हणून पुन्हा बॉयलरकडे नेले जाते. तेव्हा दिंडासाठीची डाळ शिजवायला गोडे पाणी जपून ठेवावे, वाफवण्यासाठी बोअरचे पाणी बिनधास्त वापरावे. पातेल्याच्या बुडाशी दिसणारी पांढरी भुकटी म्हणजे स्टीलचा चुरा नव्हे, ते क्षार आहेत. चिंचेच्या किंवा लिंबाच्या पाण्याने निघतात.

चाळणीवर पांढरे डाग पडत असतील तर उकळणारे पाणी उडून तिच्यापर्यंत पोहोचते आहे, म्हणजे ती पाण्याच्या फार जवळ आहे. तांबूस ठिपके दिसले की मात्र लगेच स्टील नकली ठरवू नये. लोखंडी तारेची घासणी आपले कण मागे ठेवते आणि गंजतात ते कण. मीठ आणि क्लोरीनची पावडर स्टेनलेस स्टीललाही बारीक खड्डे पाडू शकतात. भाजीवर मीठ वाफवून झाल्यावर टाकावे, चाळणी मऊ घासणीने धुऊन, पुसून कोरडी ठेवावी. असे वापरले तर २०० मालिकेतली चाळणीही पुष्कळ टिकते. पैसे हात राखून खर्चायचे असतील तर जातीपेक्षा मापावर जास्त कटाक्ष ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मापाकडे वळू, कारण निवड खरी इथे होते. चाळणी आणि उकळते पाणी यांत किमान दोन आडव्या बोटांचे अंतर हवे. पंधरा-वीस मिनिटांच्या वाफेसाठी पाणी चार-पाच सेंटिमीटर खोल हवे. म्हणजे चाळणी पातेल्याच्या बुडापासून सात-आठ सेंटिमीटर वर बसली पाहिजे. बाजारातल्या कित्येक पायांच्या चाळण्या तीन-चार सेंटिमीटरच उंच असतात. त्यांवर एकतर पाणी मोदकाच्या तळाला लागते, नाहीतर पाणी कमी घालावे लागते आणि ते मध्येच संपते. पाकळ्यांची, उघडमीट होणारी चाळणी कोणत्याही पातेल्यात बसते अशी तिची ख्याती आहे. फ्लॉवर, गाजर किंवा मक्याच्या कणसांना ती चालते. दिंडांना आणि वड्यांच्या उंड्यांना चालत नाही : मधला दांडा जागा खातो, उतरत्या पाकळ्यांवर दिंड एकमेकांवर घसरून चिकटतात आणि बिजागऱ्यांत अडकलेले पीठ निघत नाही. सपाट, काठावर टेकणारी आणि पातेल्यात खोल न उतरणारी चाळणी आपल्या पदार्थांना सोयीची.

छिद्रे जितकी मोठी तितके चांगले, हेही खरे नाही. मोठ्या छिद्रांत मऊ उकड उतरते आणि मोदक उचलताना तळ फाटतो. बारीक, जवळजवळ पाडलेली, बोट फिरवल्यावर न खरचटणारी छिद्रे घ्यावीत. केळीचे पान किंवा ओले फडके पसरायचे असेल तर सगळी चाळणी झाकू नये, कडेने वाफेला जागा ठेवावी. पूर्वी पातेल्याच्या तोंडाला फडकेच बांधून त्यावर दिंड वाफवत, आणि ते उत्तम होत. धातू दुय्यम आहे याचा याहून मोठा पुरावा नको. चाळणीने सोय वाढवली, कारण भरल्यावर फडके झोळते आणि पाण्याकडे जाते. झाकण घुमटाकार असेल तर थेंब कडेने ओघळतात. सपाट असेल तर ते सरळ मोदकांवर पडतात, तेव्हा झाकणाला सुती पंचा बांधावा. झाकण हवाबंद नको, वाफेला निसटायला फट हवी.

वाफवलेले सगळेच अधिक पौष्टिक, हा दावा अर्धाच खरा आहे. क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात विरघळून जाण्याचे प्रमाण वाफवताना कमी असते, पण जास्त वेळ वाफवले तर उष्णतेने ती घटतातच. अळूचे उलटे आहे. त्यातली विरघळणारी ऑक्झलेटे पाण्यात उकळून ते पाणी टाकले तर जास्त कमी होतात, वाफेने तितकी होत नाहीत. मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी अळूवडी केवळ वाफवलेली आहे म्हणून निर्धास्तपणे खाऊ नये.

चाळणी घ्यायला निघण्यापूर्वी घरातल्या पातेल्याच्या तोंडाचा आतला व्यास आणि त्याची खोली फूटपट्टीने मोजून कागदावर लिहा, आणि शक्य असेल तर पातेले झाकणासकट दुकानात न्या. चाळणी त्यात बसवून बुडापासूनचे अंतर मोजा, तिच्यावर वाटीएवढ्या उंचीचा पदार्थ ठेवून झाकण लागते का ते बघा, आणि आयएसआयचा परवाना क्रमांक ॲपवर तपासा. एवढे जमले की ती घ्यावी, चुंबक चिकटो वा न चिकटो.