जुनी व्हीटेक, मे महिना

सकाळी ६:१०
होटगी रोडच्या आतल्या गल्लीतलं गॅरेज. शटर अर्धंच वर गेलंय. मिस्त्री पिशवी भरतायत. टॉर्च, कॉम्प्रेशन गेज, प्लगपाना, कपाटाच्या दारातून काढलेलं लोहचुंबक, वायरचा वीतभर तुकडा, फडकी, दोनशे पानी वही. स्कॅनर फळीवरच राहिला. २००२च्या गाडीला तो लागत नाही.

मिस्त्रींचं वय पन्नाशीच्या पुढे. वडील मिलमध्ये जॉबर होते. मिल बंद पडली त्या वर्षी हे प्रीमियर पद्मिनीखाली आडवे होऊन काम शिकत होते. आज एका पोरासाठी गाडी बघायची आहे. पोरगा सोलापूरचाच, नोकरी पुण्यात. होंडा सिटी, १.५ व्हीटेक. मागणी दोन लाख दहा हजार.

आपल्याकडे खरी दोन सीटची स्पोर्ट्स कार फार थोड्यांनी पाहिली. १९९८च्या सुमाराला गोव्यात सॅन स्टॉर्म निघाली, फायबरच्या बॉडीची. मिस्त्रींच्या हाताखालून ती कधी गेली नाही. वेगाचं वेड असलेल्या मध्यमवर्गीय पोरांची स्पोर्ट्स कार म्हणजे ही सिटी. टनभर वजन, १०६ अश्वशक्ती. २००३मध्ये नवी सिटी आली, लोक तिला डॉल्फिन म्हणतात. तेव्हा ही बंद झाली. आज मिळते ती किमान वीस वर्षं जुनी.

६:५०
जुळे सोलापूर. मालक बँकेतून निवृत्त झालेले, गाडीचे दुसरे धनी. शेजारी स्कूटरला टेकून एजंट उभा आहे. मिस्त्री नमस्कार करतात आणि बोनेटवर पंजा ठेवतात. थंड आहे.

"कुणी चालू केली नाही ना सकाळी?"

"नाही ओ. तुम्हीच सांगितलं होतं की."

रेडिएटरचं झाकण उघडतात. बोट आत घालून बाहेर काढतात. बोटाला तांबूस गाळ. बोअरचं पाणी. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून घरोघरी बोअर, आणि गाडीलाही तेच पाणी. त्यातले क्षार बारीक नळ्यांत बसतात. मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेला की पाणी फिरत नाही, काटा चढतो, ॲल्युमिनियमचा हेड वाकतो. कूलंटचा डबा काही शेकड्यांचा. हेडचं काम काढलं तर वीस हजारांच्या पुढे.

मग तेलाचं झाकण उलटं करून बघतात. दुधाळ साय नाही. म्हणजे पाणी अजून तेलात शिरलेलं नाही. वहीत पहिली ओळ: रेडिएटर.

७:१०
किल्ली फिरवतात, पण स्टार्ट करत नाहीत. सगळ्यांना गप्प करतात. मागून पेट्रोल पंपाची दोन सेकंद घरघर, डॅशबोर्डखाली टक. रिले बोलला. मग सेल्फ. गाडी लगेच धरते. सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक झोत येतो, दहाएक सेकंदांत विरतो. व्हॉल्व्हचे सील जुने झालेत, रात्रभर तेल झिरपतं. मालकांनी पहाटे गाडी गरम करून ठेवली असती तर हा धूर कुणालाच दिसला नसता.

गाडी बंद करून वायरचा तुकडा डॅशबोर्डखालच्या दोन पिनांच्या कनेक्टरमध्ये खोचतात. किल्ली पुन्हा चालू. आता इंजिनाच्या दिव्याकडे बघायचं. जुन्या होंडात संगणक दिव्यानेच बोलतो. लांब लुकलुक म्हणजे दहा, आखूड म्हणजे एक. दोन लांब, एक आखूड आली तर एकवीस, व्हीटेकचा सोलेनॉइड. दिवा नुसता पेटून राहतो. नोंदलेला दोष नाही.

७:३५
आता बॉडी. पासिंग एमएच-०४, म्हणजे गाडीची पहिली वर्षं ठाण्याकडची. सोलापूरची हवा कोरडी, इथे पत्रा सहसा गंजत नाही. मुंबई-ठाण्याची गाडी आली की मिस्त्री गुडघ्यावर बसतात. शिवाय २६ जुलै २००५ आहेच. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि हजारो गाड्या पाण्यात गेल्या. २०१९च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरानंतरही धुऊनपुसून गाड्या बाजारात आल्या.

चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढतात. वरचा हातभर पट्टा सगळे धुतात, आतला कुणी धूत नाही. चिखलाची रेघ नाही. गालिचा उचलून सीटच्या बोल्टांवर टॉर्च मारतात. स्टेपनीच्या खड्ड्यात गंजाचे ठिपके आहेत, भोक नाही.

लोहचुंबक पत्र्यावरून सरकतं. बोनेट, पुढची दारं, सगळीकडे चिकटतं. मागच्या डाव्या फेंडरवर सुटून खाली पडतं. लांबी भरली आहे. एजंट म्हणतो, "किरकोळ घासलं होतं." मिस्त्री बोलत नाहीत. डिकीचं रबर सोलतात. आतले कंपनीचे गोल स्पॉट वेल्ड जसेच्या तसे. घासलंच होतं. ठोकर नाही. हा फरक काढायला पाच मिनिटं जातात, आणि इथेच लोक कंटाळतात.

८:१५
जॅक, दोन स्टँड, खाली पोतं. मिस्त्री पाठीवर सरकत आत जातात. फक्त चपला दिसतात आणि आवाज येतो, पोरगा वही धरून लिहितो.

"डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग गेली, ऑइल गळतंय. लिही. टॅपेट कव्हरचं पॅकिंग. लोअर आर्मचे बुश फाटलेत. उजव्या ड्राइव्ह शाफ्टचं बूट फाटलंय, ग्रीस उडालंय."

बाहेर येऊन टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचतात, आठवडा आणि साल. २४१७. नक्षी भरपूर उरली आहे, पण रबर नऊ वर्षांचं. सोलापूरच्या डांबरावर ते मेमध्ये फुटतं.

"टायमिंग बेल्ट कधी बदलला?"

"बदललेला असणार," मालक म्हणतात.

"बिल?"

बिल नाही.

"बिल नाही म्हणजे बदलला नाही, असंच धरायचं," मिस्त्री पोराला सांगतात. या इंजिनात चालत्या गाडीचा बेल्ट तुटला की पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. आदल्या क्षणापर्यंत गाडी सुरेख चालत असते. आवाज नाही, धूर नाही, इशारा नाही. माझ्या मते जुन्या सिटीचा सगळा सौदा या एका कागदावर ठरावा. लोक मात्र अलॉय आणि म्युझिक सिस्टीम बघतात.

९:००
विजापूर रोड, सोरेगावच्या पुढे. आधी मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फेरी. उजवीकडून टक-टक-टक. जॉइंट गेला. फाटक्या बुटातून धूळ शिरली, त्याचा हा हिशेब. दुसऱ्या गिअरमध्ये टाकताना खर्र होत नाही. चौथ्या गिअरमध्ये हळू असताना ॲक्सिलरेटर दाबून बघतात. इंजिन ओरडतं आणि गाडी पळत नाही, असं होत नाही. क्लच चांगला आहे. ब्रेकला गाडी सरळ थांबते.

मग रस्ता रिकामा बघून तिसऱ्यात आरपीएम वर नेतात. काटा चढत जातो आणि एका जागी इंजिनाचा आवाज पालटतो, घोगरा होतो, पाठ सीटला टेकते. व्हीटेक लागलं. तपासणी तेवढ्यात झाली होती. मिस्त्रींचा पाय आणखी थोडा वेळ तिथेच राहतो.

"आहे, जीव आहे गाडीत," एवढंच म्हणतात.

९:५०
इंजिन गरम असतानाच कॉम्प्रेशन. चारही प्लग काढले, इग्निशन तोडलं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला. १७२, १७०, १७४, १५८. चौथ्यात चमचाभर तेल सोडून पुन्हा सेल्फ. १७०. तेलाने दाब वाढला, म्हणजे रिंगा झिजल्यात. न वाढता तर व्हॉल्व्ह. पंचवीस-तीसच्या आतला फरक चालतो. ही तपासणी वीस मिनिटांची, गेज दीड-दोन हजाराचं. तरी ती फार थोडे लोक करून घेतात.

१०:४०
कागद. चेसिस नंबर पुसून पुस्तकाशी जुळवला, इंजिन नंबरही. कर्जाची नोंद उतरली आहे. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. या गाडीचं २०१७ आणि २०२२ला झालं, आता २०२७ला आहे. एप्रिल २०२२पासून कारची ही फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. ऑगस्ट २०२५पासून वीस वर्षांवरच्या कारला १०,०००. नवी सुरक्षा नंबरप्लेटही बसलेली नाही. ती ७४५ अधिक जीएसटी.

मालक पाणी आणायला आत जातात. एजंट मिस्त्रींना बाजूला घेतो. व्यवहार झाला तर तीन हजार, असं बोटांनी दाखवतो. मिस्त्री मान हलवतात. पोराकडून त्यांनी दीड हजार ठरवलेत, काल रात्रीच घेतलेत. गाडी घ्या किंवा सोडा, दीड हजारच. पूर्वी ते घेणाऱ्याकडून व्यवहार झाल्यावर पैसे घ्यायचे. नको म्हटलं की गिऱ्हाईक चहा पाजून निघून जायचं. अख्खी सकाळ फुकट. बरेच मिस्त्री म्हणूनच 'ठीक आहे' म्हणतात.

निघताना मालकांना सांगतात, "चार वाजता गॅरेजवर आणा. दोनपासून उन्हात उभी करा. सावली नको."

दुपारी १:१५
गॅरेजमध्ये शाळेच्या व्हॅनचा गिअरबॉक्स उतरलाय. क्लचप्लेट. मजुरी अठराशे. हाताखालचा पोरगा पाचशे रोजावर. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कांदा. पत्र्याखाली पंखा गरम वारा फेकतो. पाने फडक्यात धरावे लागतात.

४:००
सिटी आली. दहा मिनिटं उन्हात बंद ठेवली. काचा वर. मिस्त्री किल्ली फिरवतात. टक नाही. पंपाची घरघर नाही. सेल्फ फिरतो, गाडी धरत नाही. मालक घाबरले. सकाळी तर लगेच झाली होती.

"मेन रिले," मिस्त्री म्हणतात. आतला टाका बारीक चिरतो. थंड असताना जोडलेला राहतो, तापला की सुटतो. दारं उघडून वारा जाऊ दिला, थोड्या वेळाने गाडी धरली. काम दोनशे रुपयांचं, पुन्हा टाका मारायचा. या एका दोषापायी लोकांनी पंप बदललेत, कॉइल बदललेत, गाड्या भंगारभावात दिल्यात.

६:३०
वहीचं पान. बेल्ट, टेन्शनर, वॉटरपंप मजुरीसह ८,५००. रेडिएटर ६,५००. चार टायर १७,०००. जॉइंट आणि बुश ७,५००. पुण्याहून, नाना पेठेतून मागवायचे, ट्रॅव्हल्सने येतील. ओ-रिंग, पॅकिंग १,५००. रिले २००. नंबरप्लेट ८८०. पुढच्या वर्षीची फी १०,०००. बेरीज ५२,०८०. व्हॉल्व्ह सील आणि रिंगा आज धरल्या नाहीत, दोन-तीन वर्षांनी इंजिन उघडेल तेव्हा बघू.

"दीड लाख सांगा. एक साठच्या वर जाऊ नका. आणि बेल्ट बदलल्याशिवाय ही गाडी पुण्याला न्यायची नाही. इंदापूरला तुटला तर मला फोन करू नका."

मालक एक ऐंशीवर अडले. पोराने वही पुढे केली. त्यांनी पान दोनदा वाचलं. एक साठला ठरलं. पाच हजार टोकन. गाडी गॅरेजवरच राहिली.

रात्री ८:००
दिवसाच्या कामाचे तीन हजार तीनशे. हाताखालच्या पोराचे पाचशे गेले, चहा-नाश्ता एकशे ऐंशी, पेट्रोल शंभर. उरले दोन हजार पाचशे वीस. त्यातून शटरचं भाडं आणि लाइटबिल वेगळं काढायचं.

जुनी गाडी बघायला मिस्त्री नेणार असाल तर त्याचे पैसे आदल्या दिवशी द्या, पूर्ण द्या. तो 'घेऊ नका' म्हणाला तर त्यातला एक रुपयाही परत मागू नका.