सेफ्टी शूजलाही वय असतं

सेफ्टी शूजची जीभ ओढून उलटी केली की आतल्या अंगाला एक छोटं लेबल शिवलेलं दिसतं. त्यावर मापाचा आकडा असतो, आयएसआयची खूण आणि परवान्याचा क्रमांक असतो, आयएस १५२९८ हा मानकाचा क्रमांक असतो, ‘एस१पी’ किंवा ‘एस३’ असं काहीतरी असतं आणि उत्पादनाची तारीख असते. बूट घेताना आपल्याकडे यातला मापाचा आकडा तेवढा वाचला जातो. बाकीची परीक्षा हाताने होते. बूट उचलून वजनाचा अंदाज घ्यायचा, टोकावर बोटाने टकटक करायची आणि ‘मजबूत आहे’ असा निर्वाळा द्यायचा. या परीक्षेतून फारसं काहीच कळत नाही. सेफ्टी शूज हे ठरावीक धोक्यासाठी मोजून बनवलेलं साधन आहे, आणि ते पायात घातलं नाही तरी जुनं होत जातं. बूट घालूनही पाय जायबंदी होतो तेव्हा या दोहोंपैकी एका गोष्टीकडे दुर्लक्ष झालेलं असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून हे लेबल सावकाश वाचायला हवं.

पायाच्या बोटांवरची टोपी, म्हणजे ‘स्टील टो’, हा बुटाचा सगळ्यांना ठाऊक असलेला भाग. ती किती भार पेलते हे प्रयोगशाळेत तपासतात. २० किलोचा ठोकळा साधारण एक मीटर उंचीवरून टोपीवर पाडला जातो. त्या आघाताची ऊर्जा २०० जूल असते. बुटाच्या आत, टोपीखाली, मऊ मातीचा एक छोटा दंडगोल उभा ठेवलेला असतो. ठोकळा आदळल्यावर तो किती चेपला ते मोजतात. ४२ मापाच्या बुटात टोपीखाली किमान १४ मिलिमीटर जागा उरली, तरच बूट उत्तीर्ण. म्हणजे टोपी वाकणार हे गृहीतच धरलेलं आहे. वाकल्यावरही बोटांना जागा उरावी, एवढीच अपेक्षा. २५ किलोचं कास्टिंग कमरेच्या खाली, ८० सेंटिमीटर उंचीवरून हातातून निसटलं तर त्याची ऊर्जा जवळपास इतकीच भरते. तेच कास्टिंग डोक्याइतक्या उंचीवरून पडलं तर हिशेब दुपटीवर जातो आणि बुटाची हमी संपते. सावकाश येणाऱ्या दाबासाठी मर्यादा १५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीड टन वजनाइतकी आहे. तीन टन उचलणाऱ्या फोर्कलिफ्टचं स्वतःचंच वजन चार टनांच्या घरात असतं आणि भरलेल्या अवस्थेत बराचसा भार पुढच्या दोन चाकांवर येतो. ‘बूट आहेत ना पायात’ म्हणून फोर्कलिफ्टच्या वाटेत उभं राहणाऱ्याला हे गणित कुणीतरी सांगायला हवं. शिवाय टोपी फक्त बोटांवर असते. पायाच्या वरच्या फुगीर भागाला, जिथे लांब नाजूक हाडं असतात, वेगळी ढाल लागते आणि ती असलेल्या बुटावर ‘एम’ अशी खूण असते.

इथे कामगारांकडून एक शंका हमखास येते. जड वस्तू पडली तर स्टीलची टोपी आत वळते आणि बोटंच कापून टाकते, त्यापेक्षा साधा बूट बरा. शंका खोटी म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. टोपी वाकते हे आपण आत्ताच पाहिलं. पण टोपी आतवर वळवण्याइतका आघात उघड्या बोटांवर झाला असता तर काय झालं असतं, हा खरा प्रश्न आहे. दोनशे जुलांच्या पुढचा तो आघात हाडांचा चुराच करतो. त्या पातळीवर टोपी असो वा नसो, इजा गंभीरच असणार. पण त्याच्या खालच्या सगळ्या आघातांत, म्हणजे रोजच्या कामात जे घडू शकतं त्यातल्या बहुतेकांत, टोपी बोटं वाचवते. या शंकेतून मात्र एक उपयोगी नियम निघतो. एकदा मोठा आघात झेललेला बूट पुन्हा वापरायचा नाही. स्टीलची टोपी वाकलेली निदान हाताला लागते. फायबरची, म्हणजे कंपोझिट टोपी पुन्हा मूळ आकारात येते आणि वरून धडधाकट दिसते. आतले थर मात्र सुटलेले असू शकतात.

धोक्यागणिक बूट वेगळा का लागतो, हे कोल्हापूरच्या फाउंड्रीत सर्वांत ठळकपणे दिसतं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात लोखंडाचा रस तेराशे-चौदाशे अंश सेल्सिअसला लॅडलमधून मोल्डमध्ये ओतला जातो. तिथे लेसचा बूट, तो कितीही दणकट असो, चुकीचा. उडालेला थेंब लेसच्या गाठीत, जिभेच्या खाचेत अडकून बसतो आणि लेस सोडवेपर्यंत आतलं मांस जळतं. म्हणून ओतकामाचा बूट बिनालेसचा, वरून गुळगुळीत आणि झटक्यात काढून फेकता येईल असा हवा, आणि पँट बुटाच्या आत खोचायची नाही, बाहेरून खाली सोडायची. पँट आत खोचली की बुटाचं तोंड उघडं राहतं आणि नेमका तिथूनच रस आत शिरतो. तळाचंही तसंच. ‘एचआरओ’ अशी खूण असलेला तळ ३०० अंश तापलेल्या पृष्ठभागाचा एक मिनिटाचा स्पर्श सहन करतो, आणि तो बहुधा नायट्राइल रबराचा असतो. बाजारात सर्रास मिळणारा पॉलियुरेथेनचा, म्हणजे पीयूचा, हलका तळ त्या तापमानाच्या आसपासही टिकत नाही. गोदामासाठी उत्तम असलेला बूट ओतकामावर धोक्याचा ठरतो तो असा.

बांधकामावर चित्र पुन्हा बदलतं. सेंट्रिंग उकलल्यावर फळ्या पडलेल्या असतात, खिळे वर. बोटांवरच्या टोपीचा तिथे उपयोग नाही. तळात खिळा अडवणारा थर लागतो. ‘पी’ची खूण म्हणजे तो थर साडेचार मिलिमीटर जाडीच्या खिळ्याचा ११०० न्यूटन, म्हणजे सुमारे ११२ किलो वजनाइतका रेटा सोसतो. हा थर पोलादी पत्र्याचा असेल तर कडेला थोडी जागा मोकळी राहते. विणलेल्या धाग्यांचा असेल तर तो कडेपर्यंत पोचतो, पण बारीक खिळा धाग्यांच्या फटीतून वाट काढू शकतो. म्हणूनच मानकाच्या २०२२ च्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत तीन मिलिमीटरच्या बारीक खिळ्याची वेगळी चाचणी आली. त्याच साइटवर स्लॅब ओतण्याच्या दिवशी मात्र चामड्याचा बूट काढून गमबूट घालायला हवा. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असतं, त्याचा सामू १२ ते १३ असतो. ते चामडं खातं, आणि बुटात शिरलं तर कातडीही. सुरुवातीला फारसं दुखत नाही, म्हणून माणूस तसाच काम करत राहतो; जखम संध्याकाळी कळते. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडून नोंदणीकृत कामगारांना सुरक्षा संच मिळतो आणि त्यात बूटही असतात, ही चांगली गोष्ट आहे. पण एक जोड सेंट्रिंगवाल्याला, गवंड्याला आणि काँक्रीट पसरणाऱ्याला सारखाच पुरेल, अशी अपेक्षा करता येत नाही.

विजेच्या बाबतीत तर दोन बूट एकमेकांच्या विरुद्ध असतात. ‘अँटिस्टॅटिक’ बुटाचा विद्युतरोध एक लाख ते शंभर कोटी ओमच्या दरम्यान ठेवलेला असतो, जेणेकरून अंगावर साठलेला स्थिर विद्युतभार हळूहळू जमिनीत उतरावा. रंगकाम किंवा पेट्रोलजन्य वाफा असलेल्या ठिकाणी एखाद्या ठिणगीनेही भडका उडतो, म्हणून तो हवा. चालू तारेवर काम करणाऱ्याला याच्या उलट, वीज मुळीच वाहू न देणारा इन्सुलेटिंग बूट लागतो. ‘शॉक लागू नये म्हणून’ अँटिस्टॅटिक बूट देणं ही जीवघेणी गफलत आहे. आणि अँटिस्टॅटिक बुटात बाजारातली जाड गादी घातली, किंवा तळाला रंगाचा-ग्रीसचा थर बसू दिला, तरी त्याचा गुण जाऊ शकतो.

आता मापाकडे. चप्पल दोन दिवसांत पायाला जुळते, टोपी असलेला बूट जुळत नाही, कारण टोपी सैल होत नाही. पाय दिवसभरात सुजतो, म्हणून माप संध्याकाळी, कामावरचे जाड मोजे घालून घ्यायला हवं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरात एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापं घेतली, तेव्हा भारतीय पाय युरोपीय पायांपेक्षा रुंद असल्याचं दिसलं. परदेशी साच्यावर बेतलेला बूट रुंदीला आवळतो, मग एक नंबर मोठा घेतला जातो, टाच आत हलत राहते आणि माणूस अडखळतो. स्त्री कामगारांची अडचण याहून मोठी. बाईचा पाय म्हणजे पुरुषाच्या पायाची लहान प्रत नसते. पंजाच्या मानाने तिची टाच अरुंद असते. पुरुषांच्या साच्यातला पाच नंबर तिच्या हाती ठेवून ‘माप दिलं’ असं म्हणणं चुकीचं आहे.

सर्वांत कमी बोललं जातं ते बुटाच्या वयाबद्दल. पीयूच्या तळाची रासायनिक साखळी अनेकदा पॉलिएस्टर जातीची असते, कारण ती घर्षण आणि तेल चांगलं सोसते. पण तिच्यातल्या एस्टर बंधांना पाणी तोडतं. हवेतली वाफ तळाच्या सूक्ष्म पोकळ्यांत शिरते, एकेक बंध तुटतो, प्रत्येक तुटलेल्या बंधातून आम्ल तयार होतं आणि ते आम्ल पुढची मोडतोड आणखी वेगाने घडवतं. या क्रियेला जलअपघटन म्हणतात. उष्णता आणि दमट हवा दोन्ही असली की ती जोर धरते. म्हणजे तळोजा, रसायनी, लोटे परशुराम इथल्या स्टोअर रूममध्ये तिला हवं ते सगळं मिळतं. खोक्यात बंद असलेला बूटही यातून सुटत नाही. वरून चामडं नवंकोरं, आणि पायात घालून चार पावलं टाकली की तळ भाकरीच्या कुस्कऱ्यासारखा गळून पडतो. जिन्यावर किंवा शिडीवर तसं घडलं तर काय होईल, हे सांगायला नको. पीयू तळाच्या बुटांसाठी बरेच उत्पादक बनवल्यापासून तीन ते पाच वर्षांची मुदत सांगतात, आणि ही मुदत खरेदीपासून मोजायची नसते. घाऊक सवलतीसाठी एकदम मोठा साठा करणाऱ्या स्टोअरकीपरने जुना माल आधी द्यायला हवा आणि पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेले जोडही दरवर्षी तपासायला हवेत. तपासणी सोपी आहे. बूट पंजात वाकवून तळाच्या घडीत बारीक भेगा दिसतात का ते पाहायचं, मग टाचेच्या कडेला अंगठ्याचं नख रोवायचं. चांगला तळ लगेच उसळून येतो. नासलेल्या तळावर नखाची खूण राहते किंवा चुरा हाताला लागतो. पॉलिइथर जातीचं पीयू आणि रबर पाण्याला सहजासहजी दाद देत नाहीत, म्हणून कोकणात किंवा पाण्याच्या कामावर ते मागून घ्यावं.

चामड्याचं शास्त्र निराळं आहे. ते कोलॅजनच्या तंतूंचं जाळं असतं आणि तंतू एकमेकांवर सरकत राहावेत म्हणून कमावताना त्यात तेल मुरवलेलं असतं. चिंब भिजलेला बूट भट्टीशेजारी किंवा रणरणत्या उन्हात वाळवला, तर पाणी झपाट्याने जाताना तंतू एकमेकांना चिकटतात, चामडं आखडतं आणि घडीवर तडकतं. त्यापेक्षा गादी बाहेर काढावी, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, ते ओले झाले की बदलावेत, आणि बूट सावलीत पंख्याखाली आडवा ठेवावा. पावसाळ्यात एका रात्रीत तो पूर्ण वाळत नाही. म्हणून दोन जोड आलटून पालटून वापरणं हा सर्वांत चांगला उपाय आहे. प्रत्येक जोडाला वाळायला पूर्ण दिवस मिळतो, पायाला बुरशी धरत नाही, आणि एकामागून एक वापरून संपवलेल्या दोन जोडांपेक्षा हे दोन मिळून जास्त टिकण्याची शक्यता असते. ग्रीस काढायला रॉकेल, डिझेल किंवा थिनर वापरण्याची सवय मात्र मोडायला हवी. त्याने तळ फुगतो आणि त्याला धरून ठेवणारा गोंद सुटतो. कोमट पाणी, थोडा साबण आणि ब्रश पुरतो.

मे महिन्यात स्लॅबवर हे बूट असह्य होतात, लोक ते काढूनच ठेवतात, ही तक्रार पूर्ण खरी आहे. तिचं उत्तर दटावण्यात नाही. कोरड्या गोदामात हलकं काम करणाऱ्याला उंच घोट्याचा, पाणीरोधक ‘एस३’ बूट देणं हीच चूक असते. तिथे हवेशीर अस्तराचा, कंपोझिट टोपीचा ‘एस१’ पुरतो आणि तो पायात राहतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. बूट वाटले की मालकाला आपली जबाबदारी संपली असं वाटतं. सुरक्षाशास्त्रात वैयक्तिक साधनांचा क्रम शेवटचा आहे, हे इथे ठासून सांगायला हवं. फळ्यांतले खिळे काढणं, फोर्कलिफ्टची आणि माणसांची वाट वेगळी करणं, सांडलेलं तेल तिथल्या तिथे पुसणं ही कामं आधीची. त्यातून जे निसटेल ते अडवण्यासाठी बूट. आणि त्याचे पैसे पगारातून कापायचे नसतात. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनुसार सुरक्षेसाठी पुरवलेल्या गोष्टींबद्दल कामगाराकडून आकार घेता येत नाही.

यातलं बरंचसं कामगाराच्या हातात नसतं, खरेदी विभागाच्या हातात असतं. ‘सेफ्टी शूज, काळे, ५०० जोड, कमीत कमी दर’ एवढंच लिहिलेल्या ऑर्डरवर कमीत कमी दराचेच बूट येणार. त्याच कागदावर कोणत्या कामासाठी कोणती खूण, तळ कशाचा, स्त्रियांचे साचे किती, रुंद मापं किती आणि माल पोचताना बूट बनून सहा महिन्यांहून जास्त काळ झालेला नसावा, अशा चार ओळी वाढवल्या तर पुरवठादाराला त्या पाळाव्या लागतात. परवान्याचा क्रमांक खरा आहे की नाही, हे भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अॅपवर माल उतरवून घेतानाच तपासता येतं.