कोपऱ्याचा राखणदार

यवतमाळ जिल्ह्याच्या तेलंगणाकडील टोकाला झरी-जामणी तालुका आहे. त्या तालुक्यातील मुकुटबन हे कापसाच्या मुलुखातले गाव. या भागात पीक उभे राहिले, की रानडुकरांपासून ते राखण्यासाठी शेतकरी रात्री जागलीला जातो. मचाणावर बसून तो कान देऊन ऐकतो. पानांची सळसळ वाऱ्याची की जनावराची, हे अंधारातही ओळखतो. रात्रभर काहीच घडले नाही, तर आपली रात्र फुकट गेली असे तो मानीत नाही. काही घडले नाही, हेच त्याच्या जागलीचे फळ होय.

कबड्डीच्या मैदानावरही असा एक राखणदार असतो. चढाई करून गडी टिपणाऱ्या खेळाडूचे नाव सर्वांच्या तोंडी होते. त्याच्या प्रत्येक गुणाला टाळ्या पडतात. कोपऱ्यावर गुडघे वाकवून उभा राहिलेला बचावपटू मात्र पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. त्याचे काम काय, ते किती अवघड आहे, आणि त्या कामावरच ज्याची उपजीविका चालते त्या खेळाडूचे आयुष्य कसे घडते, हे जाणून घेण्याजोगे आहे.

कबड्डी हा आपल्या मातीतला खेळ. हुतुतू या नावाने तो महाराष्ट्रात फार पूर्वीपासून ठाऊक होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रातील व्यायामसंस्थांनी त्याला निश्चित नियमांची चौकट दिली. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा विदर्भातील अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे जाऊन या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीला स्थान मिळाले आणि भारताने सुवर्णपदक जिंकले. पुढे २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली. त्या वर्षापासून देशोदेशीचे खेळाडू मोबदला घेऊन निरनिराळ्या शहरांच्या संघांतून खेळू लागले, आणि गावच्या मैदानावरचा हा खेळ अनेकांच्या चरितार्थाचे साधन झाला.

पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद असते. मधोमध आखलेल्या रेषेने त्याचे दोन समान भाग होतात. प्रत्येक बाजूस सात खेळाडू उभे राहतात. चढाई करणारा खेळाडू 'कबड्डी, कबड्डी' असा दम घेत प्रतिपक्षाच्या भागात शिरतो. ३० सेकंदांच्या आत त्याला गडी टिपून परतावयाचे असते. त्याला अडवून धरणे हे बचाव करणाऱ्यांचे काम. त्यांतील दोघे डाव्या व उजव्या कोपऱ्यांवर उभे राहतात, ते कोपरारक्षक. त्यांच्या आतील बाजूस उभे राहणारे ते मध्यरक्षक; मैदानावर त्यांना 'कव्हर' असेही म्हणतात. चढाईपटू मैदानात खोलवर, बोनस रेषेपर्यंत पाय टाकू लागतो, तेव्हा त्याचा घोटा कोपरारक्षकाच्या आवाक्यात येतो. म्हणून घोटापकड हे कोपरारक्षकाचे प्रमुख शस्त्र. चढाईपटू माघारी वळला, की त्याची वाट रोखणे आणि कोपऱ्यावरच्या सोबत्याच्या मदतीला धावणे, ही मध्यरक्षकाची जबाबदारी.

हे काम अवघड का, हे गुणांच्या हिशेबावरून कळते. पकड साधली, तर बचाव करणाऱ्या संघाला एक गुण मिळतो. परंतु पकड सुटली आणि चढाईपटूने मध्यरेषा गाठली, तर त्याला स्पर्श झालेले सारे गडी बाद होतात. एकाची घाई दोघातिघांना मैदानाबाहेर घालविते. सातही गडी बाद झाले, तर संघावर लोण चढतो आणि प्रतिपक्षाला दोन गुण अधिक मिळतात. याउलट, मैदानात तीन किंवा त्यांहून कमी बचावपटू उरले असताना त्यांनी चढाईपटूला पकडले, तर त्या पकडीला अव्वल पकड म्हणतात व तिचे दोन गुण मिळतात. संकट जेवढे मोठे, तेवढे धैर्याचे मोलही मोठे, असा जणू या नियमाचा अर्थ आहे.

तरीही प्रत्येक वेळी झेप घेणे म्हणजे चांगला बचाव नव्हे. प्रो कबड्डीत एखाद्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. न मिळाल्यास चढाईपटू स्वतः बाद होतो. म्हणून जाणता बचावपटू पहिल्या दोन चढायांत पाय मागे घेतो, आमिषाला भुलत नाही, आणि चढाईपटूला रिकाम्या हाताने परत पाठवितो. त्या दोन चढायांत त्याच्या नावावर काहीही लिहिले जात नाही. पण तिसऱ्या चढाईत जी पकड होते, तिची पेरणी याच दोन चढायांत झालेली असते.

पकडीचे नियमही काटेकोर आहेत. चढाईपटूचे केस किंवा कपडे धरून त्याला अडविता येत नाही. त्याचे तोंड दाबून दम तोडता येत नाही. पायांची कात्री घालता येत नाही. बळ असावे, पण ते आवरलेले असावे, ही या खेळाची शिस्त आहे.

पकड एकट्याची दिसली, तरी क्वचितच एकट्याची असते. कोपरारक्षकाने घोटा धरला, की निमिषार्धात इतरांनी चढाईपटूला वेढले पाहिजे. अन्यथा तो उडी मारून निसटतो. २०१५ साली यू मुंबा या मुंबईच्या संघाने प्रो कबड्डीचे विजेतेपद मिळविले. अंतिम सामन्यात त्यांनी बंगळूरू बुल्सचा ३६-३० असा पराभव केला. त्या संघाचा बचाव चौघांच्या खांद्यांवर होता. सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर हे दोघे कोपऱ्यांवर, आणि मुंबईचे विशाल माने व तमिळनाडूचे जीवा कुमार मध्यरक्षणाला. निरनिराळ्या प्रांतांतले हे चौघे. परंतु मैदानात ते एका देहाच्या चार अवयवांप्रमाणे हालत. कोण केव्हा झेपावणार, हे बोलून सांगण्यास ३० सेकंदांत अवकाश नसतो. ते परस्परांना ठाऊक असावे लागते, आणि हे ठाऊकपण दररोजच्या सरावानेच येते.

असा बचावपटू एका दिवसात तयार होत नाही. शाळेचे मैदान, गावचे किंवा गल्लीतले मंडळ, जिल्ह्याचा संघ, राज्याचा संघ, अशा पायऱ्या त्याला चढाव्या लागतात. कल्याणचे गिरीश मारुती इर्नाक हे महाराष्ट्राचे नामांकित डावे कोपरारक्षक. त्यांच्या कारकिर्दीतील २०१८ हे एकच वर्ष पाहिले, तरी व्यावसायिक बचावपटूच्या आयुष्यातील चढउतार ध्यानात येतात.

त्या वर्षीच्या जानेवारीत हैदराबाद येथे राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. रिशांक देवाडिगा यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने अंतिम सामन्यात सेनादलाला ३४-२९ असे नमविले आणि अकरा वर्षांच्या खंडानंतर राष्ट्रीय विजेतेपद पुन्हा मिळविले. इर्नाक त्या संघात होते. जून महिन्यात दुबई येथे भारताने इराणला ४४-२६ असे हरवून कबड्डी मास्टर्स स्पर्धा जिंकली. त्या भारतीय संघातही इर्नाक होते. ऑगस्टमध्ये जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांसाठी त्यांची निवड झाली. १९९० पासून २०१४ पर्यंत झालेल्या सातही स्पर्धांत भारतीय पुरुषांनी सुवर्णपदक मिळविले होते. आठव्यांदाही तसेच घडेल, असे सर्वांनी गृहीत धरले होते.

पण उपान्त्य सामन्यात इराणने भारताला २७-१८ असे हरविले. इराणच्या बचावफळीने भारताच्या नामवंत चढाईपटूंना जखडून टाकले. त्या बचावफळीत डाव्या कोपऱ्याचा खंदा राखणदार फजल अत्राचली होता. हा खेळाडू २०१५ साली यू मुंबाच्या विजयी संघातून खेळला होता. पुढे प्रो कबड्डीत पकडींचे ५०० गुण पार करणारा तो पहिला बचावपटू ठरला. जो खेळ आपण जगाला दिला, त्यात जग आपल्याला मागे टाकू शकते, हा धडा त्या दिवशी भारताला मिळाला. भारतीय संघ कांस्यपदक घेऊन परतला. त्यानंतर दोनच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, प्रो कबड्डीचा नवा हंगाम सुरू झाला, आणि पुणेरी पलटण संघाचे कर्णधारपद इर्नाक यांच्याकडे आले. खेळाडूला पराभवाचा शोक करण्यास फार दिवस मिळत नाहीत. पुढे गुजरात, बंगाल आणि मुंबई यांच्या संघांतूनही ते खेळले. व्यावसायिक खेळाडूचे गाव एक असते. परंतु संघ मात्र लिलावाप्रमाणे बदलत राहतात.

या आयुष्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. वेगाने झेपावणाऱ्या देहाला अडविताना बचावपटूचे गुडघे, खांदे, बोटे आणि घोटे यांवर आघात होत असतात. एक दुखापत हंगाम बुडविते. कधी सारी कारकीर्दच संपविते. तमिळनाडूचे धर्मराज चेरलाथन यांच्यासारखा खेळाडू विरळा. २०१६ साली चाळिशी ओलांडल्यावर त्यांनी पाटणा पायरेट्सला विजेतेपद मिळवून दिले, आणि त्यानंतरही काही वर्षे ते उजव्या कोपऱ्यावर पाय रोवून उभे होते. बहुतेकांना मात्र तिशीच्या पुढेमागे मैदान सोडावे लागते. ज्या वयात इतर व्यवसायांतील माणसे कोठे स्थिर होऊ लागतात, त्या वयात खेळाडूचे काम संपते. म्हणूनच महाराष्ट्रातील कबड्डीपटू पूर्वीपासून रेल्वे, पोलीस, बँका, भारत पेट्रोलियम अशा संस्थांच्या संघांत नोकरी मिळविण्यासाठी झटत आले आहेत. खेळ थांबला, तरी चूल थांबत नाही, हे त्यांना ठाऊक असते.

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा नव्हे. अमेरिकेत फुटबॉल नावाचा एक वेगळाच खेळ आहे. त्यात लांबट चेंडू हातात घेऊन अकरा जण पुढे सरसावतात, आणि समोरचे अकरा जण त्यांना धरून, पाडून अडवितात. अडविणाऱ्यांचे काम आपल्या बचावपटूच्या कामाशी पुष्कळ जुळते. या खेळातील ॲलन पेज हे थोर बचावपटू होते. १९६७ साली ते मिनेसोटा वायकिंग्ज या संघात आले. तेथेही चौघांची एक बचावफळी होती आणि तिचा सर्वत्र दरारा होता. १९७१ साली पेज यांना लीगमधील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून गौरविण्यात आले. बचावपटूला हा मान प्रथमच मिळाला. परंतु अशा कीर्तीच्या शिखरावर असतानाही हे सारे फार दिवस टिकणार नाही, याचा त्यांना विसर पडला नाही. खेळता खेळताच त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १९७८ साली पदवी मिळविली. १९८१ साली ते निवृत्त झाले. १९९३ पासून २०१५ पर्यंत ते मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. त्या न्यायालयावर बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. गरजू विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी त्यांनी १९८८ साली एक संस्थाही स्थापन केली.

चढाईपटूचा पाय उजवीकडे पडणार की डावीकडे, हे पाय उचलण्यापूर्वीच ओळखणे, हे उत्तम बचावपटूचे लक्षण होय. पेज यांनी तीच दृष्टी स्वतःच्या आयुष्याकडे वळविली. आज देहात बळ आहे. उद्या ते ओसरेल. तेव्हा आपण कोठे उभे असू, हे त्यांनी वेळीच ताडले. जो खेळाडू मैदानात पुढचे पाऊल ओळखतो आणि मैदानाबाहेरचे विसरतो, त्याची जागल अर्धीच राहते.

आज खेड्यापाड्यांतील मुले आणि मुलीही कबड्डीकडे चरितार्थाचे साधन म्हणून पाहू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. लीगच्या झगमगाटात चढाईपटूची उडी आधी दिसते, आणि सर्वांनाच चढाईपटू व्हावेसे वाटते. परंतु सात जणांच्या संघाला कोपरा राखणाराही हवाच असतो. ज्याला वाट पाहता येते, ज्याला सोबत्यावर विश्वास टाकता येतो, आणि नाव झाले नाही तरी जो आपली जागा सोडीत नाही, त्याच्यासाठी ती जागा आहे. घराला, गावाला आणि देशालाही अशा राखणदारांची गरज असते. त्यांच्यामुळे जे वाईट टळते, ते कोणाच्या दृष्टीस पडत नाही. म्हणूनच त्यांची आठवण मुद्दाम ठेवावी लागते.