थंडीच्या दिवसांतील मोटार

राहनाळहून पहाटे कसारा घाटानें नाशिककडे रोपें-बियाणें आणावयास मोटार नेणाऱ्या शेतकरी बंधूंस आम्ही थोडें सुचवितों. आपल्याकडे बर्फ नाहीं. धोका गारठ्याचा व धुक्याचा आहे. तपमान १० अंश सेल्सिअस उतरल्यास टायरमधील हवेचा दाब दर चौरस इंचास सुमारें २ पौंडांनीं घटतो. यास्तव निघण्यापूर्वीं, चाकें थंड असतांनाच तो मोजावा. टायरच्या खांचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली असल्यास टायर बदलावा. गारठ्यांत बॅटरीचा जोर मंदावतो, म्हणून तिचीं टोंकें स्वच्छ व घट्ट असावींत. धुक्यांत दिव्यांचा वरचा झोत जलकणांवरून उलटून चालकाच्याच डोळ्यांवर येतो. तेथें खालचाच झोत ठेवावा. पुढील रस्ता दिसेनासा झाल्यास मोटार रस्त्याबाहेर सुरक्षित जागीं उभी करावी. रोपें एक दिवस उशिरा लावलीं तरी जगतात. गेलेला माणूस परत येत नाहीं.