एका बाकावर येण्याची वाट: परभणी जिल्ह्यातील माध्यमिक शाळा आणि जात

परभणी जिल्ह्यातील माध्यमिक शाळांत दलित आणि सवर्ण मुले एकत्र शिकू लागली, ती मुख्यतः हैदराबाद संस्थान संपल्यानंतर. मुंबई इलाख्यात १९२३ साली सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे आणि शाळा अस्पृश्यांना खुल्या करण्याचे तत्त्व मान्य झाले. परभणी निजामाच्या राज्यात असल्याने तो ठराव इथे लागू नव्हता. हायस्कुले मोजकी होती आणि तिथले शिक्षण उर्दूतून चाले. गावकुसाबाहेरच्या मुलाला जातीच्या जोडीला भाषा आणि अंतरही आड येई.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले. १९५० मध्ये राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता संपवली, तर १९५५ च्या कायद्याने ती पाळणे हा गुन्हा ठरवला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि मराठवाड्यात माध्यमिक शाळाही त्यांच्याकडे आल्या. जिंतूर, पाथरी, गंगाखेड अशा तालुक्यांच्या गावी जिल्हा परिषदेची ‘प्रशाला’ ही सगळ्या जातींची मुले एका छताखाली आणणारी जागा ठरली.

छत एक झाले, तरी शिवाशिव लगेच सुटली नाही. मराठवाड्यातील दलित आत्मकथनांत शाळा पुन्हा पुन्हा येते. प्र. ई. सोनकांबळे यांच्या ‘आठवणींचे पक्षी’ (१९७९) मध्ये पोरक्या मुलाची भूक आणि शिकण्याची धडपड एकमेकांपासून वेगळी करता येत नाही. वेगळे बसणे आणि वरून ओतलेले पाणी ओंजळीने पिणे, हे त्या पिढीच्या अनेकांचे अनुभव आहेत. पुढे बाक एक झाला, पण शिष्यवृत्तीच्या यादीसाठी भर वर्गात मागासवर्गीय मुलांना उभे करण्याची रीत आली. ज्या मदतीने मूल शाळेत टिकले, तिनेच त्याची जात वर्गापुढे मांडली. ‘सरकारचे जावई’ हा टोमणा त्याच काळातला. नावे शांतपणे कार्यालयात घेता आली असती, हे इथे स्पष्ट म्हणायला हवे.

खरा फरक वसतिगृहांनी आणि शिक्षकांनी घडवला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय काढले; तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. तिथून मराठवाड्यातील दलित पदवीधरांची पहिली मोठी पिढी बाहेर पडली. त्यातले कित्येक जण शिक्षक झाले. दलित मास्तर वर्गात उभे राहिले की सवर्ण मुलांनाही त्यांना ‘सर’ म्हणावे लागे. एवढे काम कोणत्याही परिपत्रकाने केले नाही.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले. परभणी जिल्हाही त्यात होरपळला. ठरावाविरोधी आंदोलनात विद्यार्थी पुढे होते, ही सर्वांत क्लेशदायक बाब. काल एका वर्गात शिकणारी मुले आज समोरासमोर उभी राहिली. शाळेतला एकोपा वेशीपाशी थांबत होता, हे त्या उन्मादाने दाखवले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ स्थापन होऊन परभणी त्याच्या कक्षेत गेले.

पुढची पिढी शाळेतल्या खिचडीच्या पंगतीत एकत्र जेवत वाढली. आता वेगळेपणा फीच्या वाटेने येतो आहे: ज्यांना परवडते ते खासगी इंग्रजी शाळांकडे वळतात आणि जिल्हा परिषदेच्या वर्गांत मुख्यतः गरिबांची मुले राहतात. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव प्रवेश ही दरी काही अंशी भरून काढतात, पण ती सवलत आठवीपर्यंतच आहे. हायस्कूलच्या उंबरठ्यावर, नववीत, ती संपते. ती दहावीपर्यंत वाढवली पाहिजे.