पळवायची का वापरायची? फियाटच्या कॅमशाफ्टविषयी

काटोल-नरखेडच्या संत्रापट्ट्यात एखाद्या वाड्याच्या पडवीत, रिकाम्या क्रेटांच्या आडोशाला, जुनी फियाट अजून उभी दिसते. घरातल्या कुणाला तरी ती पुन्हा रस्त्यावर आणायची हौस येते आणि इंजिन खाली उतरतं. रिंग-पिस्टनचा, बेअरिंगचा हिशेब होतो. मग मिस्त्री तेलकट कॅमशाफ्ट हातात धरून विचारतो, "भाऊ, गाडी पळवाची हाय का वापराची?" ही थट्टा नाही. बोअर किती वाढवायचं, क्रँक किती घासायचा, हे मायक्रोमीटर सांगतो. कॅम कोणता, हे मात्र मालकाच्या सवयींवर ठरतं.

आधी इंजिनाची कुळी पाहू. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन, 68 मिलिमीटर बोअर आणि 75 मिलिमीटर स्ट्रोक, मुळात 1937 सालचं. दान्ते जाकोसा या अभियंत्याच्या देखरेखीखाली तयार झालेल्या फियाट 508 सी गाडीसाठी ते घडलं. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढे फियाटच्या परवान्याने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात या गाड्या बनू लागल्या. 1964 मध्ये 1100 डिलाइट आली, 1970च्या दशकात तिचीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली आणि 2000च्या सुमारास उत्पादन थांबलं. एवढ्या काळात इंजिनात सुधारणा झाल्या, पण सांगाडा तोच राहिला: कॅम ब्लॉकच्या पोटात, त्यावर टॅपेट, टॅपेटवर पुशरॉड, वर रॉकर आणि मग वॉल. ताकद चाळीसेक अश्वशक्ती.

आता मोहाची गोष्ट. याच फियाट 1100च्या इंजिनावर इटलीत दुसऱ्या महायुद्धानंतर सिसितालिया नावाच्या छोट्या कंपनीने शर्यतीच्या गाड्या केल्या. 1947च्या मिल्ले मिल्या शर्यतीत ताझियो नुव्होलारी सिसितालिया घेऊन दुसरा आला, आणि तिची 202 ही गाडी न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने आपल्या संग्रहात ठेवली. हे वाचलं की पडवीतल्या पद्मिनीकडे पाहायची नजर बदलते आणि "जरा गरम कॅम घालू" अशी भाषा सुरू होते. नुव्होलारी मोवाडच्या रस्त्याने बैलगाडीमागे दुसऱ्या गिअरमध्ये कधी गेला नव्हता, एवढं तेव्हा ध्यानात ठेवावं.

कॅमच्या अंगावर आठ लोब असतात, प्रत्येक वॉलला एक. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी. वॉल किती उचलायचा आणि किती वेळ उघडा ठेवायचा, हे लोबच्या आकारात कोरलेलं असतं. पिस्टन खाली जाण्याचा टप्पा क्रँकच्या 180 अंशांचा, पण इनलेट वॉल त्याहून बराच जास्त वेळ उघडा ठेवतात. अशा साध्या जुन्या इंजिनात हा काळ ढोबळमानाने 230 ते 240 अंश असतो. म्हणजे पिस्टन तळ गाठून वर यायला लागला तरी वॉल उघडाच. वेगात येणारी हवा स्वतःच्या जोरावर आत घुसत राहते, म्हणून ही मुभा. इंजिन जोरात फिरत असेल तर ती फळते. हळू फिरत असेल तर हवेला तेवढा जोर नसतो, आणि वर येणारा पिस्टन भरलेलं मिश्रण कार्ब्युरेटरकडे परत ढकलतो.

गरम कॅम म्हणजे हाच काळ लांबवलेला, 270, 280, शर्यतीत त्याहूनही पुढे. वरच्या फेऱ्यांना ताकद वाढते, खालच्या फेऱ्यांना जाते. पद्मिनीचं कम्प्रेशन तर तेव्हाच्या पेट्रोलला धरून मुळातच बेताचं. त्यातलं आणखी गमावलं की गाडी फाटकापाशी थरथरते, एसी नसतानाही आयडलला बंद पडते आणि लोड घेऊन चढावर निघताना क्लच जाळते. काटोलमार्गे नागपूरला जाताना साठच्या वेगात टॉप गिअरला हे इंजिन तीन हजार फेऱ्यांच्या आतच असतं. ज्या कॅमची मजा साडेचार हजारांपुढे सुरू होते, तो या रस्त्यावर कामाला येणार कधी?

म्हणून माझं मत सरळ आहे. मूळ मापाचा कॅम घालावा. हेडचे पोर्ट साफ केले असतील, कम्प्रेशन थोडं वाढवलं असेल, तर दहा-पंधरा अंश जास्तीचा चालेल. त्यापलीकडे नको. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. त्याने मिश्रण पातळ होतं, जुने रबरी पाइप फुगतात. मे महिन्यात नरखेडला पारा पंचेचाळिशीच्या आसपास असतो आणि पद्मिनीचा पेट्रोल पंप तापलेल्या ब्लॉकलाच चिकटलेला. हौसेचे पैसे आधी पाइप, जेट आणि रेडिएटरवर जाऊ द्यावेत.

मूळ मापाचा कॅम म्हटलं की लोक जुनाच पुसून बसवतात. तो आधी वाचायला हवा. लोबची नाकापासून पाठीपर्यंतची उंची मायक्रोमीटरने मोजायची, मग आडवी रुंदी, आणि दुसरं पहिल्यातून वजा करायचं. ही लिफ्ट. चारही इनलेटची लिफ्ट आपसात जुळली पाहिजे, चारही एक्झॉस्टची आपसात. एखाद्या लोबचं नाक सपाट झालं असेल तर नखालाही कळतं. मग टॅपेट उलटा करून तळ उजेडात धरायचा. चांगल्या टॅपेटचा तळ किंचित फुगीर असतो. लोबही अगदी जरासा तिरपा घासलेला असतो, म्हणजे टॅपेट वर-खाली होताना स्वतःभोवती फिरतो आणि एकाच जागी झिजत नाही. तळाला खळगा पडलेला दिसला तर समजा टॅपेट फिरायचा थांबला होता. कॅम नवा घातला की टॅपेटही आठच्या आठ नवे. जुना टॅपेट नव्या कॅमला काही तासांत खातो.

कॅम पुन्हा घासून घेण्याचा मार्ग स्वस्त, पण त्यात एक मेख आहे. असे बरेचसे कॅम ओतीव लोखंडाचे असतात. ओतकामात लोबच्या जागी साच्यात लोखंडी तुकडे ठेवतात. वितळलेलं लोखंड त्यांना टेकताच झटकन थंड होतं आणि तेवढ्याच भागाला पांढरं, काचेसारखं कठीण कवच चढतं. आतला गाभा मऊच राहतो. ग्राइंडरने कवचापार घासलं तर लोब दिसायला नवा कोरा, टिकायला कच्चा. कॅम ओतण्याची ही कला महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर चालते ती सोलापुरात. यतीन शहा यांनी 1992 मध्ये काढलेल्या प्रिसिजन कॅमशाफ्ट्सने चिंचोली एमआयडीसीतून देशी-परदेशी मोटार कंपन्यांना कॅम पुरवले. वालचंद हिराचंदही सोलापूरचेच, जन्म 1882चा. योगायोग छान आहे, पण पद्मिनीचा एक कॅम हवा म्हणून त्या दारात जाऊन उपयोग नाही. तिथला व्यवहार मोटार कंपन्यांशी, हजारोंच्या ऑर्डरींचा. सुटा माल शोधायचा तो मुंबईत, कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर. तिथेही जपून. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, आणि भंगारातून निघालेला कॅम बहुधा टॅक्सीचाच, म्हणजे चेंदा झालेला. जुन्या दुकानदाराकडे ग्रीसच्या कागदात पडून राहिलेला न वापरलेला नग मिळाला तर घासाघीस न करता घ्यावा.

बसवताना चेनच्या खुणा जुळवून गप्प बसू नये. प्लायवूडवर मोठा कोनमापक चिकटवून क्रँकच्या पुढे लावायचा, डायल गेज पुशरॉडवर टेकवायचा आणि इनलेट नेमका कुठे पूर्ण उचलला जातो ते पाहायचं. चेनचा एक दात चुकला तर क्रँकचे 15-20 अंश सरकतात. गाडी चालू होते, पण मरगळलेली राहते, आणि दोष मात्र कार्ब्युरेटरला बसतो.

पहिल्या अर्ध्या तासात कॅमचं आयुष्य ठरतं. लोबवर मॉलिब्डेनमची पेस्ट, आणि तेल जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं. आजच्या पेट्रोल गाड्यांच्या तेलात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जपायला जस्त कमी केलेलं असतं, आणि सपाट टॅपेटला नेमकं तेच लागतं. इग्निशन आणि पेट्रोल आधीच पक्कं करून ठेवायचं, म्हणजे स्टार्टर रेटत बसावं लागत नाही. इंजिन पेटलं की आयडलला सोडायचं नाही. दोन ते अडीच हजार फेऱ्यांवर वीस-पंचवीस मिनिटं धरायचं, कारण ब्लॉकच्या पोटातल्या लोबला तेल मिळतं ते मुख्यतः क्रँकने उडवलेल्या शिंतोड्यांतून, आणि हळू फिरणारा क्रँक पुरेसं उडवत नाही. रेडिएटरसमोर शेतातला टेबलफॅन लावून ठेवला तर उत्तम. मग इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं, तेल-फिल्टर बदलायचं आणि फीलर गेज घेऊन आठही टॅपेटची फट पुन्हा तपासायची. एखाद्याची फट अचानक वाढलेली सापडली, तर गाडी बाहेर न काढता तोच लोब आधी पाहायचा.